नवमीला ठेवली, दशमीला उचलली

मित्रांनो, शैलेंद्रच्या बहिणीचे, मनालीचे, लग्न झाले त्या वर्षी मी या घरात आले. मी बर्फावर घसरायच्या बुटांची, म्हणजे स्केट्सची, जोडी आहे. आज जुनी झाले, तेव्हा कोरी होते. लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि मानाची वस्तू घ्यायची, ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. नवरदेवाने शर्टाचे कापड पुढे केले. शैलेंद्रने कान सोडलाच नाही.

"जिजू, आइस हॉकीचे स्केट्स! नाहीतर कान शारजाला घेऊन जातो."

मांडवात हशा पिकला. शैलेंद्रचे घर शारजात आणि नवरदेव शेजारच्या दुबईतच नोकरीला होता, म्हणून त्याची सुटका झाली नाही. परत गेल्यावर त्याने मला शारजातल्या रोल्ला भागात, शैलेंद्रच्या फ्लॅटवर आणून दिले.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे माझे चामडे शिवले आणि तळाला पोलादी पाते बसवले. मला वाटले होते, एखाद्या गोठलेल्या तळ्यावर खेळायला मिळेल. नशिबी आले वाळवंट! दुबईच्या मॉलमध्ये बर्फाचे मैदान होते. तिथे पोचेपर्यंत गाड्यांच्या रांगेत मी डिकीत भाजून निघत असे. पण बर्फावर पाय पडला की सगळे विसरायला होई. शैलेंद्र वळण घेई, तेव्हा माझ्या पात्याखालून बर्फाचा भुगा उडे.

शैलेंद्रची आजी, कृष्णाबाई, एकदा खेळ बघायला आली. अंगावर दोन स्वेटर होते. तो भुगा पाहून ती म्हणाली, "ह्यांच्या रंध्याखालून असाच भुसा उडायचा." तिचा नवरा कोकणात सुतार होता. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ती त्याचा रंधा आणि पटाशी पुजत असे.

त्या वर्षी नवमीला तिने पाटावर मला ठेवले. पाणी शिंपडले, हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल वाहिले. शैलेंद्र धावत आला.

"आजी, संध्याकाळी सेमीफायनल आहे!"

"असू दे. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. उद्या उचल."

"हे हत्यार नाहीये गं, शूज आहेत!"

"ज्याच्यावर तुझा जीव, ते तुझं हत्यार."

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. तो मला न घेताच गेला. मैदानावर भाड्याचे स्केट्स मिळाले, पण ते सैल होते. कप्तान हमीदने त्याला बाकावर बसवले. बाकावरून तो सारखा ओरडत राहिला. चेंडूऐवजी या खेळात रबराची चकती असते. ती कोणाकडे द्यायची, कोण मोकळा आहे, हे तो सांगत गेला. संघ जिंकला. हमीद हसून म्हणाला, "हबीबी, तू खेलने से ज़्यादा चिल्लाने के काम का है!" शैलेंद्र रात्री जेवला नाही.

इकडे शिंपडलेले पाणी माझ्या डाव्या टाचेशी साचले होते. दसऱ्याला मला उचलले, तर तिथे गंजाचा डाग! आजीचा चेहरा एवढासा झाला. पुढच्या वर्षीपासून ती मला कोरडे पुसून खोबरेल लावू लागली. डाग मात्र गेला नाही.

मग चांगली वर्षे आली. शैलेंद्र क्लबकडून खेळला. लोकांनी त्याच्या नावाने आरडाओरडा केला. दर महिन्याला माझ्या पात्याला धार लागे. आणि एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी खेळायला मनाई केली. त्याने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे टाकले. नवमी आली की तो आजीला म्हणे, "विषय काढू नकोस." तिथल्या उकाड्यात माझे चामडे तडकले.

हमीदने आता लहान मुलांचा संघ काढला होता. पण त्याला शिकवायला माणूस मिळेना. दसऱ्यापर्यंत कोच मिळाला नाही, तर मैदानाची वेळ दुसऱ्यांना जाणार होती आणि संघ मोडणार होता. हमीदने शैलेंद्रला विचारले. शैलेंद्र म्हणाला, "खलास. ज्याला खेळता येत नाही, तो काय शिकवणार?"

आजीने ते ऐकले. नवमीला तिने मला पिशवीतून काढले, पुसले, पाटावर ठेवले.

"आता कशाला, आजी?"

"ठेवायचं काम माझं होतं. उद्या उचलायचं काम तुझं. नाही उचललंस तर पूजा अर्धी राहील. मी इथेच बसून राहीन."

दसऱ्याच्या सकाळी ती खरोखरच पाटाशेजारी बसली होती. चहा गार झाला होता. शैलेंद्र दारातून आत आला. मग वाकला आणि त्याने मला उचलले.

मैदानावर तो कठड्याला धरून उभा होता. एमान नावाची एक छोटी खेळाडू त्याच्यासमोर येऊन थांबली. "कोच, आर यू स्केटिंग ऑर जस्ट स्टँडिंग?" तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग हळूहळू, गुडघा सांभाळत, मला घेऊन बर्फावर उतरला. आणि ओरडू लागला, "एमान, डावीकडे बघ! रेयांश मोकळा आहे!" हमीद कठड्यावर हात आपटून म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था!"

संघ मोडला नाही. आता दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणी बर्फावर उतरत नाही. सगळी मुले आपापले स्केट्स पुसून टॉवेलवर ओळीने ठेवतात. एमान दरवेळी विचारते, "जस्ट वन राउंड, कोच?" उत्तर ठरलेले असते, "यल्ला, चला, उद्या!"

मित्रांनो, खेळून झाले की आमची पाती कोरडी करा. आम्हाला ओले टाकू नका. आणि आमच्यावर रागावलात, तरी कोणाला तरी आम्हाला बाहेर काढू द्या.

गेल्या वर्षी घरात सण करायचा नव्हता. तरी नवमीला शैलेंद्रने पाट मांडला आणि मला स्वतः पुसले. डाव्या टाचेला खोबरेल जरा जास्तच लावले. दुसऱ्या दिवशी मला उचलले आणि मुलांकडे नेले.

त्याआधी भाद्रपदात, वद्य चतुर्थीला सकाळी, आजी कृष्णाबाई शारजात वारल्या.