मागावरची बाई

डबीचं झाकण निघेना. आबासाहेबांनी अंगठ्यानं रेटलं, धोतराच्या सोग्यात धरून पिळलं – आत बुक्का घट्ट बसलेला, कडेनं साय धरल्यासारखा. यॉर्कची ओल. इंग्लंडच्या उत्तरेतलं ते गाव सोडून उन्हाळा उलटला, सोलापूरच्या उन्हात डबी तापली, तरी ओल गेली नाही... आणि लेक उत्कर्षा सकाळीच यॉर्कहून फोनवर विचारून बसलेली, "आबा, तिकीट काढू का? संध्याकाळी सांगा. सहा महिने राहा की माझ्याजवळ." एकटी पोर, नर्सचं काम. हो म्हणायला काय लागतं? पण हो कुणासाठी म्हणायचं, इथंच अडत होतं.

तिकडं ड्यूटीला जाताना ती त्यांना म्युझियमच्या दारात सोडायची. एका म्युझियमात जुनी अख्खी पेठ होती – फरसबंदी, घोडागाडी, दुकानांत दिवे. ती त्यांनी एकदा पाहिली नि सोडली. पाय वळायचे ते दुसऱ्या म्युझियमकडं, जिथं हजार वर्षांमागचं गाव तळघरात उभं केलं होतं. कुडाची घरं, मासळीचा नि धुराचा वास, कातडं सोलणारा म्हातारा, भांडणारी पोरं, सगळी मेणाची. कुठूनशी त्यांची बोली ऐकू यायची, आता कुणालाच न कळणारी. कुणालाच! बसमध्ये, दुकानात, शेजारी सगळ्यांना सगळं कळायचं, एकट्या आबासाहेबांना सोडून. या गावात मात्र सगळे सारखेच अडाणी. जीव रमायचा. आणि शेवटच्या घरात, उभ्या मागासमोर ती बाई... अक्कलकोट रोडच्या कारखान्यात चादरी विणण्यात जन्म गेला, पण त्यांची नजर मागावर गेलीच नाही, बाईवरच अडली. कलती मान, पदर नसून पदर सावरल्यासारखा हात. सोजर! त्यांची वारलेली बायको कीर्तनात बसायची ती अशीच.

मग रोज तिथंच.

त्या दिवशी एकादशी होती. इकडं देवळात कीर्तन रंगलं असेल, या विचारानं त्यांनी मनातच अभंग धरला, टाळी धरली, मनातच जयजयकार केला – आणि कीर्तन संपलं की शेजारच्या कपाळाला बुक्का लावायचा, ही जन्माची सवय. बुक्क्याचं बोट दोरीपलीकडं त्या बाईच्या कपाळावर कधी गेलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. घंटा वाजली. माणसं धावली. उत्कर्षा कामाच्या कपड्यांतच आली, सॉरी, सॉरी म्हणत राहिली, आणि बसमध्ये ओल्या कागदानं त्यांचं बोट पुसत एवढंच म्हणाली, "आबा, बाहुली आहे हो ती."

"माहितीय गं."

माहीत होतं. तेच तर वाईट.

आज संध्याकाळी सोलापूरच्या देवळात बुवांनी आख्यान लावलं. आवाज गोड, मृदंगाचा हात सुरेख. एरवी आबासाहेब विरघळून गेले असते. पण ध्रुपद आलं आणि मान आपसूक बायकांच्या बाजूला, खांबाकडं वळली. जन्मभर वळत आली होती. सोजर तिथं बसलेली असायची, डोळे टक्क उघडे, बुवांचा शब्द न शब्द पीत. आज खांबाशी ती मेणाची बाई बसली होती. घारे डोळे, पिवळट गाल... सोजरचं नाक कसं होतं? हनुवटी? – मला आठवत नाही. मीच पुसलं तिला, रोज त्या दुसरीकडं बघून बघून. आणि आता पुन्हा तिथंच जायचं? लेकीचं नाव पुढं करून?

चपलांपाशी शिवम्मानं गाठलं. सोजरची कीर्तनातली जोडीदारीण, कायम तिला खेटून बसणारी.

"आबा, खांबाकडं काय बघत हुता सारखं? या वयात शोभतंय व्हय?"

"सोजरची जागा ती."

"व्हय की. झोपायची जागा!"

"कुणाची झोपायची?"

"अय्यो, तुमाला ठावंच न्हाय? आख्यान लागलं की सोजरव्वा गाढ. लई घोरायची! तुमची मान हिकडं वळली की मी चिमटा काढायची, मग बघा कशी टक्क!" शिवम्मा पदरात तोंड घालून हसली. "शपथ घातली हुती तिनं – यांना सांगू नको म्हणून."

आबासाहेब चप्पल पायात घालायला विसरले. म्हणजे जन्मभर आपण जे पाहिलं ते... चिमट्यानं जागं केलेलं? आपल्यासाठी मांडून ठेवलेलं? आणि मान परत वळली की तिचे डोळे पुन्हा मिटत असतील, तोंड जरासं उघडं, डोकं खांबाला, दिवसभराच्या कामानं दमलेली...

सदऱ्याच्या खिशात फोन थरथरू लागला. उत्कर्षाच असणार.

"घ्या की," शिवम्मा म्हणाली.

त्यांनी खिशावर नुसता हात ठेवला. खांबाला टेकून झोपलेली सोजर – ती तर त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मग ती विसरायची तरी कशी, नि त्या मेणाच्या बाईनं पुसायची तरी कशी?