घंटी मुकी, बस चालू

दुपारचे साडेतीन. शाळेच्या रस्त्यानं जाणारी बस, निम्मी भरलेली. कोणीतरी लाल बटण दाबलं आणि काहीच वाजलं नाही. वाजायला हवी होती ती मी. मी या बसमधली घंटी बोलतेय.

कारखान्यातून निघाले ती थेट ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊन बसले. या देशात उतारूंच्या वतीनं बोलण्याचं काम माझ्याकडे आहे. बटण दाबलं की मी ‘टिंग’ म्हणते आणि ड्रायव्हर थांबतो. मी गप्प राहिले आणि थांब्यावरही कोणी उभं नसलं, तर बस सरळ पुढे. इथे बसमध्ये आवाज चढवणं म्हणजे शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरणं.

दूरदेशाहून लेकीकडे राहायला आलेल्या आजींना हे ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात लेकीनं त्यांना याच बसमध्ये पढवलं होतं.

"आई, हाका मारायच्या नाहीत. बटण दाबायचं आणि गप्प बसायचं."

"आणि नाही थांबली तर?"

"थांबते गं."

"तुझ्या लग्नातला बँडवालाही ‘येतो’च म्हणाला होता."

आज लेक कामात अडकलेली. चार वर्षांच्या नातीला आणायला आजी पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या.

माझी तार तुटलेली होती. आजींनी बटण पुन्हा दाबलं. शेजारच्या एका टायवाल्या गृहस्थांनीही दाबलं. थांबा मागे पडू लागला. गृहस्थांनी घड्याळ पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि तोंड मिटून बसले. शिस्तीचं मला कौतुक आहे, माझं पोट तिच्यावरच चालतं. पण याला शिस्त म्हणत नाहीत.

आजींनी बसच्या पत्र्यावर पंजा हाणला. धाड, धाड.

"अहो भाऊ, थांबवा! नात उभी आहे माझी!"

ड्रायव्हरला शब्द कळले नाहीत, पत्रा कळला. ब्रेक लागला. आजी उतरल्या आणि त्यांच्यामागून टायवाले गृहस्थ, शिवाय आणखी तिघं, मान खाली घालून उतरले. उघड्या दारातून मला शाळेचं फाटक दिसत होतं. बाईंचा हात सोडून पोर आजीला येऊन बिलगली. माझ्यात जीव असता, तर तो तेव्हा भांड्यात पडला असता.

माझी तार आता जोडली आहे. आजी रोज येतात. बटण दाबतात आणि माझा आवाज येईपर्यंत पंजा पत्र्याजवळ तयार ठेवतात. मला त्याचा राग येत नाही.

त्या सकाळी ड्रायव्हरनं आगारात सांगितलं होतं, "घंटी गेलीय." उत्तर मिळालं होतं, "आजचा दिवस चालवून घे." थांबा सोडून बस उभी केली म्हणून ड्रायव्हरला लेखी समज मिळाली. ‘चालवून घे’ म्हणणाऱ्याला अजून कोणी काही विचारलेलं नाही.