पियानोच्या पोटातली नोंद

पासष्टी गाठली तरी ट्यूनर रोज सकाळी हत्यारांची पेटी उचलून घराबाहेर पडायचा. शाळा, हॉटेलं, हौशी लोकांच्या बैठकीच्या खोल्या, जिथे म्हणून पियानो बेसूर झाला असेल तिथे जाऊन तो लावून द्यायचा. त्याच्या कानांचा दबदबा असा, की लोक त्याच्यासमोर शीळ घालायलाही कचरत. त्याची मोठी बहीण मात्र त्याला अजून छोट्याच म्हणायची.

ताईचं पडदे शिवायचं दुकान होतं, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शिवताना माणूस सहसा गुणगुणतो. ताई गुणगुणायची नाही. दुकानात टेपपासून सीडीपर्यंत सगळं वाजवणारा रेडिओ होता, पण तो बातम्यांपुरता. बातम्या संपून गाणं लागलं की ती हात लांब करून बटण बंद करायची. का, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी ताईने एक रेकॉर्ड केली होती. ती सत्तावीस वर्षांची, पियानोवर बावीसचा छोट्या, गिटारवाला मित्र आणि ड्रम्स बडवण्याऐवजी कुरवाळणारा एक बँकेतला कारकून. गिटार होती, ड्रम्स होते, तेव्हा म्हणायला ते रॉकच. पण आरडाओरडा नव्हता. चुकलेली बस, उघडी राहिलेली खिडकी, न पाठवलेलं पत्र, असल्या साध्या गोष्टींची नऊ गाणी, सगळी हलक्या हाताने वाजवलेली. सॉफ्ट रॉक हे नाव त्या चौघांच्या कानावरूनही गेलं नव्हतं. नाव नसलेल्या मालाला गिऱ्हाईक कुठलं मिळायला.

रेकॉर्ड आली आणि ताईचा आवाज ऐकून लोक हसले. वाईट म्हणजे नुसते हसले नाहीत, त्यांचं बरोबरच होतं. आवाज बारीक, चिरका, कुठेतरी पोहोचायची घाई असल्यासारखा. पेपरात कुणी शहाण्याने लिहिलं की गायिकेला शाळा सुटायच्या आत गाणं उरकायचं असावं. ताई तेव्हा ज्या ऑफिसात टायपिंग करायची तिथे ती जिन्यात दिसली की 'चिमणी आली' अशी कुजबूज व्हायची. स्वतःचा आवाज रेकॉर्डवर कुणालाच ओळखू येत नाही, हे तिने ऐकलेलं होतं. तिला वाटलं, डोक्यात ऐकू येतो तो आपला भ्रम, आणि जगाला ऐकू येतो तो हा. तिने कानाला खडा लावला, नोकरी सोडली आणि पडद्यांचं दुकान काढलं. छोट्या तेव्हा तिची समजूत घालायला गेला होता. तिने त्याच्या हातात सुईदोरा दिला आणि म्हणाली, ओवून दे.

या सगळ्यावर एवढी वर्षं धूळ बसलेली. आणि एका मंगळवारी ट्यूनरला एका अनोळखी मुलीचा फोन आला. ती जुन्या टेपा दुरुस्त करायची. गिटारवाला मागच्या वर्षी गेला, त्याच्या माळ्यावर मूळ टेप सापडली, आणि विसरलेल्या रेकॉर्डी सीडीवर पुन्हा काढणाऱ्या एका छोट्या कंपनीने ती तिच्याकडे पाठवली होती. तिला एक कोडं पडलं होतं. कव्हरवर पियानोपुढे ज्याचं नाव आहे तो माणूस हयात असेल तर त्याने येऊन ते सोडवावं, असं तिचं म्हणणं. आपण हयात आहोत, असं ट्यूनरने कबूल केलं.

तिची खोली खिडक्या नसलेली, भिंतींना जाड स्पंज, टेबलावर दोन स्पीकर आणि गार झालेला चहा. टेप ओलसर चिकट झाली होती. ती तिने मंद आचेवर आठ तास शेकून काढली होती, हे तिने असं सांगितलं जसं एखादी आई तापातून उठलेल्या पोराबद्दल सांगते. मग तिने आधी रेकॉर्ड लावली. चिमणी चिवचिवली. ट्यूनरने मान खाली घातली.

मग तिने टेप लावली.

आवाज खाली आला, आणि खाली येताना रुंद झाला. घाई कुठल्या कुठे गेली. एक सत्तावीस वर्षांची बाई खिडकीपाशी उभी राहून गात होती, आणि तिला कुठेही जायचं नव्हतं. शब्द संपल्यावरही ती सूर सोडत नव्हती; तो हातात धरून, नीट बघून, मग खाली ठेवत होती. दोन ओळींच्या मध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कारकुनाचा ब्रश ड्रमवरून असा फिरत होता जसं कुणी झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतं. ट्यूनर आयुष्यभर जे ऐकेल त्यातलं काय बिघडलंय तेवढं शोधत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या कानांनी काही शोधलं नाही. त्याच्या अंगावर काटा आला, आणि नऊच्या नऊ गाणी संपेपर्यंत तो गेला नाही. इतकं सुंदर काही आपल्यासमोर घडलं होतं आणि आपण तिथेच बसून पियानो वाजवत होतो, यावर त्याचा विश्वास बसेना.

मुलीने आता आपलं कोडं मांडलं. गाण्यांच्या मागे ट्यूबलाइटची बारीक घूं ऐकू येते. विजेची घूं कुठल्या सुरात असते ते ठरलेलं असतं, ती कुणाच्या मर्जीने वर-खाली होत नाही. टेपवर ती बरोबर जागेवर आहे, रेकॉर्डवर वर चढलेली. म्हणजे टेपचा वेग खरा. पण मग टेपवरचा पियानो जवळजवळ अर्ध्या पट्टीने खाली कसा? वीज म्हणते टेप खरी, पियानो म्हणतो खोटी. कुणाचं ऐकायचं?

ट्यूनरला तो पियानो आठवला.

स्टुडिओ परवडत नव्हता म्हणून त्यांनी शाळेच्या सभागृहात रेकॉर्डिंग केलं होतं. तिथला पियानो म्हातारा, तारा गंजलेल्या. नेहमीच्या पट्टीपर्यंत ताणायला गेलं की तटकन तुटायच्या. दोन तुटल्यावर छोट्याने शहाणपणा केला. सगळा पियानो थोडा खाली उतरवून लावला, गिटारी त्याला जुळवून घेतल्या, ताईनेही बिनतक्रार सूर खाली घेतला. आणि मग, ट्यूनिंगच्या उस्तादाने शिकवलं होतं तसं, त्याने पियानोचं झाकण उघडलं आणि आत लाकडावर पेन्सिलने तारीख घालून लिहिलं: तारा जुन्या, पट्टी उतरवून लावला आहे. प्रत्येक ट्यूनर असंच करतो. पियानोचं दुखणं पियानोच्या पोटातच लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे येणाऱ्या ट्यूनरला कळतं.

पण टेप पुढे ट्यूनरकडे जाणार नव्हती. ती रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यात गेली. तिथल्या कुणा कामसू माणसाने नादकाटा वाजवून बघितला, पियानो खाली आहे म्हणजे टेपच हळू चाललेली दिसते, असं ठरवलं आणि वेग वाढवून दिला. त्या बिचाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं.

मुलीने टेपचा डबा पुढे केला. त्यावर सुरेख अक्षरात नऊ गाण्यांची नावं होती, प्रत्येकापुढे मिनिटं आणि सेकंद. रेकॉर्डवर ही चार मिनिटांची गाणी दहा-दहा सेकंद आधी संपतात, ती म्हणाली. डब्यावरचं अक्षर कुणाचं, असंही तिने विचारलं.

"माझं," ट्यूनर म्हणाला. "आणि टेप बरोबर आहे. जशी आहे तशीच छापा."

पट्टी उतरवल्याची एक ओळ लिहायला डब्यावर वीतभर जागा रिकामी होती.

पुढच्या महिन्यात सीडी आली. ती घेऊन तो दुकानाचा जिना चढायला लागला. रेकॉर्ड छापून आली तेव्हा त्यालाही ती वर चढलेली वाटली होती. एवढे तयार कान असल्यावर वाटणारच. पण घरातला रेकॉर्डप्लेयर आधीपासूनच पळणारा, सगळीच गाणी वर चढवणारा. त्याने सगळं खापर त्या प्लेयरवर फोडलं आणि दुसऱ्या प्लेयरवर ऐकून बघायचा कधी धीर केला नाही. बहिणीचं हसं होत असताना कोण ती रेकॉर्ड पुन्हा ऐकणार? हे सगळं आता तिला सांगायचं होतं. सांगितलं तर ती आपल्याला दारात उभं करील का, याची त्याला खात्री नव्हती. न सांगता सीडी देणं सोपं होतं, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते त्याला जास्त सोपं वाटत गेलं.

ताई एक लांबलचक निळा पडदा दुमडत होती. त्याने सरळ सीडी लावली. पहिल्या सुरालाच तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि वाटेतच थांबला. ती उभीच राहिली. पडदा हातातून सुटून पायांशी गोळा झाला. चौथ्या गाण्यात, एका ओळीच्या आधी, तिने बरोबर त्या जागी श्वास घेतला जिथे रेकॉर्डिंगमधल्या ताईने घेतला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. हा आवाज तिला ओळखावा लागलाच नाही. तो तिच्या डोक्यातलाच होता.

नववं गाणं संपल्यावर त्याने सांगून टाकलं. तारा, झाकण, पेन्सिल, डबा, प्लेयर, काही गाळलं नाही.

"म्हणजे मी तशी नव्हते," ताई म्हणाली.

"कधीच नव्हतीस."

"आणि तू लिहिलंस ते पियानोत."

"हो."

तिने पडदा उचलला, झटकला आणि पहिल्यापासून दुमडायला घेतला. "जा आता, छोट्या," ती म्हणाली. तिने रागाने म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

आठ दिवस तिचा फोन आला नाही. त्यानेही केला नाही. या आठ दिवसांत त्याने पाच पियानो लावले आणि प्रत्येक वेळी झाकणाच्या आत लिहिताना पेन्सिल हातात जड झाली. नवव्या दिवशी दुपारी त्याला राहवलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दार नेहमीसारखं अर्धं उघडं होतं. आत शिलाई मशीन चालू होतं, आणि मशीनच्या घरघरीतून एक आवाज येत होता. तो सत्तर वर्षांच्या बाईचा होता, कडेला थोडा झिजलेला, पण कुठलीही घाई नसलेला. रेडिओ बंद होता. ताई चौथं गाणं गात होती.

ट्यूनर दारातच थांबला. मग जित्याची खोड म्हणा, त्याने खिशातून नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी दाराच्या चौकटीला टेकवली. लाकूड घुमलं. काट्याचा सूर वर होता, ताईचा खाली. किती खाली, हे मोजायला त्याला दुसरं काही लागलं नाही. त्रेचाळीस वर्षं तोंडातून एक सूर न काढलेली त्याची बहीण बरोबर त्या म्हाताऱ्या पियानोच्या पट्टीत गात होती, केसभरही वर-खाली नाही. गंजलेल्या तारा कधीच भंगारात गेल्या असतील. तो सूर तिने कुठे जपून ठेवला होता कोण जाणे. ट्यूनर चौकटीला धरून उभा राहिला.

आतलं मशीन थांबलं.

"काटा खिशात घाल," ताई आतून म्हणाली, "आणि ये. पियानो कोण वाजवणार?"