पालथे उखळ

"काळवंडलेला दाणा खाऊ नका, खाऊ घालू नका," असे दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितले, तेव्हा सिरा हसली होती. नवी नवरी होती, शहरातल्या कॉलेजातून शिकून आली होती. "कुटला, शिजवला, की कसली आलीय बुरशी," म्हणत तिने तसलेच शेंगदाणे माझ्यात ओतले. मी ते निमूट पोटात घेतले.

मित्रांनो, मी एक जुने लाकडी उखळ आहे. गांबिया नदीकाठी माझे गाव. आमच्याकडे लोहारच लाकूडही कोरतात. अशाच एका लोहाराने तांबड्या, चिवट बुंध्यातून मला घडवले आणि सिराची सासू कोंबे लग्न होऊन आली, तेव्हा मीही तिच्याबरोबर या अंगणात आले. बाजरी, भात, शेंगदाणे, काय नाही कुटले. सणाला तीन-तीन मुसळे एका तालात उतरत आणि मुसळ हवेत असतानाच बायका टाळी वाजवून घेत. "कोंबेच्या उखळाचा आवाज नदीपल्याड जातो," असे लोक म्हणत. मला त्याचा कोण अभिमान.

पण माझ्या पोटातले मलाच ठाऊक. घरची रीतच अशी, की टपोरे शेंगदाणे विकायला, मधले बियाण्याला, आणि सुरकुतलेले, बुरशी धरलेले घरच्या कालवणाला. कुटले की रंग लपतो, शिजले की कडवटपणा. कोंबेचा नवरा त्याच कालवणावर जगला आणि यकृताच्या कर्करोगाने गेला. लोक म्हणाले, नजर लागली.

मग सिराला मुलगी झाली, जालिका. दूध तुटून शेंगदाण्याची पेज सुरू झाली आणि पोरीची वाढच खुंटली. सिराची झोप उडाली. निजलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून ती बसे. शेवटी ती त्याच परिचारिकेकडे गेली, आणि या खेपेला ऐकून आली.

"आई, आपल्या देहाच्या कणाकणात हजारो खोल्या आहेत असं धरा," माझ्या कडेला टेकून ती सासूला सांगू लागली. "कुठल्या दाराला कडी घालायची, कुठलं उघडं ठेवायचं, हे ठरलेलं असतं. त्या कडीला मिथिल म्हणतात. हिरवा पाला, चवळी, अंडी यांतून या कड्या घडतात. पोर पोटात असतं तेव्हापासून बसायला लागतात."

"मग बसू देत की. आमच्या वेळी न सांगता बसायच्या."

"बुरशीचं विष भलत्याच दाराला कडी घालतं, आई. रोगाला अडवणाऱ्या राखणदाराच्या. तो आत कोंडला की कर्करोगाला अंगण मोकळं. दर वेळी होतंच असं नाही, पण वाट सोपी होते."

"कॉलेजात कड्याकोयंडेच शिकवले म्हणायचे. अन्न टाकलं तर देव मला विचारेल, तुला नाही. मी हेच खाऊन म्हातारी झाले."

"आणि बाबा?"

कोंबेने सुनेकडे पाठ फिरवली. मग तिने मुसळ उचलले, आणि तेच दाणे पुन्हा माझ्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिराने मला पालथे घातले.

आमच्या गावात उखळ पालथे दिसले, म्हणजे त्या घरात चूल नाही, कोणी गेले. शेजारणी धावत आल्या. "कोण गेलं गं?"

"कोणी जाऊ नये म्हणून घातलंय," पाठीवरच्या जालिकाला सावरत सिरा म्हणाली. "दाणे निवडून होईपर्यंत ते सुलटं होणार नाही."

"उखळात डोकं घातलंस बाई, आता मुसळाला भिऊ नको," एकीने हळूच म्हटले. "सासू आली बघ."

कोंबे दारात उभी होती. साऱ्या गावासमोर तिचे उखळ पालथे. तिने माझ्याकडे बघितले, मग जालिकाच्या काडीसारख्या पायांकडे. तिने कोपऱ्यातले सूप ओढले.

"सरक," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या डोळ्याला निवडायला दुपार होईल. माझ्या बोटांना हलका दाणा लगेच कळतो."

दुपारी शेजारणीही आपापली सुपे घेऊन आल्या. मला सुलटे केले तेव्हा पहिल्यांदा माझ्या पोटात नुसता गोड वास होता. शेवग्याचा पालाही मी त्याच दिवसापासून कुटू लागले. जालिकाने हळूहळू अंग धरले, एके दिवशी माझी कड पकडून उभी राहिली, आणि कोंबेने पाहुण्यांना बोलावून दाखवले, जणू कड्यांची गोष्ट तिनेच शोधली होती.

तरी सिराचा डोळा निवांत नव्हता. काढून टाकलेले दाणे खड्ड्यात पुरायचे ठरले होते, पण टोपली तिथवर जाईतो रिकामी होई. एकदा कोंबे माझ्या आडोशाला बसून काहीतरी चघळताना तिला दिसली. पदराच्या गाठीत ते काळे दाणे होते.

"आई."

"टाकायचेच होते ना? पोरीला चांगले मिळतात, झालं. माझ्या दारांना आता कसल्या कड्या."

सिरा तिच्याजवळ बसली. तिने ती गाठ हळूच सोडवली. "या घराचा राखणदार तुम्हीच. तुम्हाला कोंडू देईन होय मी?"

दोघींनी मिळून ते दाणे पुरले. परतताना कोंबे कुरकुरली, "मग माझा वाटा बारीक कूट. दात राहिलेत कुठे?"

मित्रांनो, आता माझ्यात तीन मुसळे उतरतात, तिसरे अगदी इवले, जालिकाचे. आवाज पुन्हा नदीपल्याड जातो. मला तुमच्याकडून तेलपाणी नको, सावलीही नको. जो कोणी या अंगणात येतो त्याला सिरा एकच गोष्ट सांगते, तीच मी तुम्हालाही सांगते: "मुलांचं ताट तुम्ही बघतच असाल. आज घरी जा आणि म्हातारीच्या पदराची गाठ सोडून बघा."