भावफळ्याच्या कोपऱ्यातला अंगठा

मी एक जुना भावफळा आहे. वाइनच्या कारखान्याच्या फाटकाशी, वजनकाट्याला लागून माझी जागा होती. हंगाम सुरू झाला की माझ्यावर दोनच आकडे लिहिले जात. वरती आतापर्यंत आलेल्या द्राक्षांचे एकूण वजन आणि खाली किलोचा भाव. मित्रांनो, या दोघांचे आयुष्यभर पटले नाही. वरचा फुगला की खालचा रोडावायचा आणि वरचा रोडावला की खालचा बाळसे धरायचा. हंगामाच्या शेवटच्या दिवशी जो भाव लिहिला जाई, तोच खोऱ्यातल्या सगळ्या बागायतदारांना मिळे.

माझा जन्म एका पिंपाच्या मरणातून झाला. कारखान्यातले मोठे लाकडी पिंप गळू लागले, तेव्हा सुताराने त्याच्या बुडाच्या फळ्या सोडवल्या, रंधा मारला, मागून पट्ट्या ठोकल्या आणि पुढून काळा रंग फासला. "जन्मभर ढोसलंय गड्यानं, आता जरा कामाला लागू दे," असे तो म्हणाला आणि सगळे हसले. मीही मनात हसलो. फक्त खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या फळीने रंग धरला नाही. ती इतकी वाइन प्यायली होती की रंग लावला की पोपडा निघे. सुताराने दोनदा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

माझ्यावर लिहायचे काम काट्यावरच्या कारकुनाचे. त्याला सगळे खडूमामा म्हणत. मामांचे अक्षर सुरेख होते आणि काळीज थंड. भाव चढो की पडो, ते शून्य सारख्याच गोलाईने काढत.

माझे कौतुकही खूप झाले. भाव चांगला लागला की बागायतदार माझ्यापुढे उभे राहून फोटो काढून घेत. भाव पडला की मात्र येताजाता माझ्यावर थुंकत, जणू भाव मीच पाडला! पण माणसांची खरी ओळख मला गारपिटीच्या सालात पटली. नदीपलीकडच्या बागा एका दुपारीत झोडपून निघाल्या. अलीकडचे लोक सुतकी चेहऱ्याने "अरेरे, फार वाईट झालं" म्हणत माझ्यापाशी आले आणि खालचा आकडा बघून घाईघाईने पाठमोरे झाले. कारण तोंडावरचे हसू काही केल्या आवरत नव्हते. गार पडावी, पण शेजाऱ्याच्या बागेत, अशी या खोऱ्याची मूक प्रार्थना होती.

आता थोरल्या वहिनींची गोष्ट सांगतो. टेकडीच्या वरच्या अंगाला त्यांची बाग होती. नवरा गेल्यावर ती त्या एकट्याने बघत. खालच्या अंगाला त्यांच्या धाकट्या दिराची बाग. मधली बांधाची दगडी ओळ त्या धाकट्याच्या डोळ्यांत कायम सलायची. शेवटी सासऱ्यांनी भर चौकात निवाडा केला. "यंदाच्या पिकावर बाग स्वतःच्या पायावर उभी राहिली तर ती थोरलीची. नाहीतर बांध काढायचा आणि सगळी धाकट्यानं बघायची." वहिनी एवढेच म्हणाल्या, "चालेल, मामंजी." त्यांना आपल्या वेलींवर भरवसा होता.

आणि नेमके त्याच साली पीक उदंड आले. वेलींना पानांपेक्षा घड जास्त. असे साल म्हणजे बागायतदारांचे मरण. वरचा आकडा आभाळाला टेकणार आणि खालचा मातीत जाणार, हे सगळ्यांना दिसत होते. मग माझ्यासमोर बैठक बसली आणि धाकटा उठून उभा राहिला.

"सगळ्यांनी निम्मे कच्चे घड खुडून टाकायचे," तो म्हणाला. "माल निम्मा, भाव दुप्पट. कारखान्यालाही चांगली गोड द्राक्षं हवीतच. पण खुडायचं तर सगळ्यांनी. एकट्यादुकट्यानं नाही."

सगळ्यांना पटले. या खोऱ्यात सामाईक ठराव कागदावर होत नसे. वाटीभर जुनी लाल वाइन आणायची, तिच्यात अंगठा बुडवायचा आणि माझ्या खालच्या कडेवर उठवायचा, अशी रीत होती. एकामागून एक अंगठे माझ्या काळ्या रंगावर उमटले. वहिनी शेवटी आल्या तेव्हा कडेला जागाच उरली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि कोपऱ्यातल्या त्या उघड्या फळीवर अंगठा दाबला. माझे तहानलेले लाकूड तो घोट घटाघट प्यायले.

मी फाटकावरचा फळा, मला बागेत जाता येत नाही. पुढचे मला काट्यावरच्या गप्पांतून कळले. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी कात्री घेतली. धाकटा स्वतः मदतीला गेला. "वहिनी, तुम्ही एकट्या कुठे करत बसता?" म्हणत त्याने दिवसभर त्यांच्या वेली हलक्या केल्या. वहिनींचा हात अडखळे तिथे तो म्हणे, "हा पण काढा, हा पण. मन घट्ट करा." हिरव्या घडांचा सडा पडला. वहिनी संध्याकाळी त्यांच्यावरून चालताना रडल्या म्हणे. धाकट्याने त्यांना पाणी दिले. केसाने गळा कापावा तर असा, मित्रांनो.

हंगाम आला. पहिल्याच सकाळी ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर वळणापर्यंत गेली. ताडपत्र्या फुगलेल्या, फटींतून रस गळतोय. खडूमामा वरचा आकडा पुसायचे आणि मोठा लिहायचे, पुन्हा पुसायचे, पुन्हा मोठा लिहायचे. खालचा आकडा रोज घसरत होता. कारखाना सुरू झाल्यापासून एवढा माल कधी आला नव्हता. वहिनी सोडल्या तर कोणीच खुडले नव्हते! प्रत्येकाने मनात तोच विचार केला होता की बाकीचे खुडतीलच, मग माझ्या एकट्याच्या घडांनी काय बिघडते?

शेवटच्या दिवशी थोरल्या वहिनींची ट्रॉली आली. अर्धीच भरलेली. द्राक्षे काळीभोर, टपोरी, साखरेने चिकट झालेली. मामांनी वजन सांगितले आणि माझ्यावर शेवटचा भाव लिहिला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात नीच भाव. वहिनींनी आधी वरचा आकडा वाचला, मग खालचा. मग रांगेतल्या भरगच्च ट्रॉल्यांकडे बघितले.

"भाऊजी," त्यांनी विचारले, "तुम्ही खुडलं होतं ना?"

"खुडलं की, वहिनी," धाकटा म्हणाला. "पण यंदा वेलींचा जोरच असा, करणार काय?"

मागे कोणीतरी फिसकन हसले. मग एक म्हातारा बागायतदार पुढे आला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरेखुरे आश्चर्य होते.

"वहिनी, तुम्ही खरंच खुडलं? अहो, असं कोणी खरंच करतं का?"

त्यावर मात्र अख्खी रांग हसली. हसता हसता लोकांच्या डोळ्यांना पाणी आले. भाव पडल्याचे त्यांचे निम्मे दुःख त्या हसण्यात विरून गेले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. पण फळ्याला तोंड नसते, फक्त पाटी कोरी करून घ्यायची असते. वहिनींनी माझ्या कोपऱ्यातल्या अंगठ्याकडे एकदा पाहिले आणि रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेल्या. त्याच आठवड्यात बांधाचे दगड निघाले.

पावसाने बाकीचे अंगठे धुऊन नेले. रंगावर उठवलेले ते, रंगावरून ओघळले. कोपऱ्यातला तेवढा राहिला.

पुढच्या वर्षी वेलींना कोवळे कोंब फुटले आणि गोठवणारी थंडी पडली. खोऱ्यातले कोंब करपून काळे पडले. वाचली ती फक्त टेकडीच्या वरच्या अंगाची बाग, कारण थंडी खाली उतरून सखल जागी साचते. वहिनींची बाग. म्हणजे आता धाकट्याची. माझ्यावर वरचा आकडा एवढासा लिहिला गेला आणि खालचा असा की मामांचा खडूसुद्धा क्षणभर थबकला. धाकट्याचे उखळ पांढरे झाले. नव्या टोपीत तो माझ्यापुढे फोटोला उभा राहिला.

"मामा, तो कोपऱ्यातला डाग पुसा. फोटोत येतोय," तो म्हणाला.

मामांनी ओले फडके घासले. मग पॉलिश पेपर आणून घासले. माझी साल निघाली, अंगठा निघेना.

द्राक्षे तोडणाऱ्या मजूर बायकांची ट्रॉली तेव्हाच फाटकातून आत येत होती. तीत थोरल्या वहिनी होत्या, मांडीवर टोपली आणि बोटे रसाने काळी. आपल्याच वेलींची तोडणी त्या रोजाने करत होत्या. त्यांनी ट्रॉलीवरूनच हाक मारली. "राहू द्या, मामा. तो जायचा नाही. माझा आहे."

कोणी हसले नाही. धाकटा एक पाऊल उजवीकडे सरकला, अंगठा आपल्या पायामागे झाकला आणि फोटोवाल्याला म्हणाला, "काढा आता फोटो."

तो फोटो अजून कारखान्याच्या कचेरीत टांगलेला आहे म्हणतात. मी मात्र तिथे नाही. फाटकावर लाल दिव्यांचे आकडे दाखवणारी यंत्रपाटी आली आणि मला मागच्या गटारावर आडवे टाकले. माझ्यावरून हातगाड्या जातात, चिखलाचे बूट जातात. कडेच्या फळ्या कुजल्या आहेत. लवकरच सुतार मला फोडून सरपणाला नेणार आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी जाता जाता चांगला उपदेश करायचा असतो. माझा उपदेश घ्या. चारचौघांत अंगठा उठवायची वेळ आली तर रंगावर उठवा, पावसाबरोबर निघून जातो. या खोऱ्यात तसे करणारे सगळे सुखात आहेत.

आणि एक विनंती. मला फोडाल तेव्हा कोपऱ्यातली ती एक फळी बाजूला काढा आणि थोरल्या वहिनींकडे घेऊन जा. त्या घेणार नाहीत बहुतेक. तरी एकदा विचारा.