धाकली कुठल्या बाजूला?

आमच्या यार्डात क्रेनवाल्यांचे डोळे तपासायचं काम डॉक्टरकडे नव्हतं, आकाशाकडे होतं. पूर्वी डॉक्टर होता. पण त्याच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता कधी बदलायचा नाही, त्यामुळे तो सगळ्यांना तोंडपाठ. एका पठ्ठ्याने तर डॉक्टरने दिवा लावायच्या आधीच शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं आणि पास झाला. तेव्हा मुकादमाने कपाळाला हात लावून वर पाहिलं.

वर सप्तर्षी होते. त्यांच्या शेपटीतला मधला तारा नीट पाहिला तर एक नसतो, दोन असतात. एक ठळक आणि त्याला खेटून एक बारीक. पुस्तकात ते वसिष्ठ आणि अरुंधती, आमच्यात थोरला आणि धाकली. ‘किती दिसतात?’ असं विचारलं तर डोळे मिटलेला माणूससुद्धा ‘दोन’ म्हणणार, हे मुकादमाच्या ध्यानात आलं. म्हणून त्याचा प्रश्न वेगळा होता: धाकली कुठल्या बाजूला? सप्तर्षी फिरतात तशी ती जोडीही कलत जाते. दिवेलागणीला पाहावं तर सुरुवातीला धाकली थोरल्याच्या पायाशी असते, काही आठवड्यांनी उजव्या हाताला, आणि पुढे चक्क डोक्यावर चढून बसते. तपासणीचा दिवस मुकादमाच्या लहरीवर. पाळी सुटताना तो अचानक सगळ्यांना शेडमागच्या अंधारात न्यायचा. बाजू चुकली की केबिन गेली. मग गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या.

या तपासणीला सगळ्यात बेफिकीर असायचा तो घार. घार हे त्याचं टोपणनाव. पुरुषाला बाईचं नाव दिलं म्हणून तो कधी रागावला नाही, कारण त्यात कौतुक होतं. खाली कारकुनाने डबा उघडला की वर केबिनमध्ये याला भाजीत मीठ पडलंय की नाही ते दिसायचं. एकदा भरलेला कंटेनर टेकवता टेकवता तो हवेतच थांबला. का, तर खालून एक मुंगी चालली होती. ती मुंगी मी पाहिलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण तिचा चुलता मला चांगला ओळखायचा.

तर अशा घारीच्या डोळ्यांवर हळूहळू पडदा आला. चष्म्यांनी फरक पडेना. हूक दिसायचा, खाली उभा असलेला मुक्या दिसायचा. मुक्या बोलायचा उत्तम, पण त्याचं काम खुणा करायचं होतं. मालाखाली उभं राहून वरच्याला दाखवायचं, घे, सोड, थोडं उजवीकडे. इतकी वर्षं ही दोन माणसं एकमेकांच्या जिवावर काम करत होती आणि त्यांच्यात चार वाक्यंही झाली नव्हती. एक वर, एक खाली. बोलणार कधी?

घारीला तारा मात्र आता एकच दिसायचा. त्यावर तोडगा काढला बायकोने. संध्याकाळी तो अंगावरचं ग्रीस घासत बसायचा तेव्हा ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जायची. मग जेवताना सांगायची,

“आज पायाशीच आहे हो. जराशी उजवीकडे कललीय.”

“उद्याही बघशील ना?”

“उद्या काय ती माहेरी जाणारे?”

एवढंच बोलणं. त्या एवढ्याशा बोलण्यावर घार दरवर्षी पास होत राहिला.

आणि त्या वर्षी, सप्तर्षी संध्याकाळचे नुकते वर यायला लागले होते तेव्हा, एका सकाळी चहा गाळता गाळता बायको खाली बसली ती उठली नाही.

घर तसं लहान, दोन खोल्यांचं. पण एका माणसाला दोन खोल्या पुरून उरतात. घार एका खोलीत बसला की दुसरीत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. जेवताना तो सवयीने “मग?” म्हणायचा आणि घास तसाच हातात राहायचा. गच्चीवर जाणं बंद झालं. धुतलेला सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, तिथेच तो वाळायचा. दुसरी खुर्ची आता तेवढ्याच कामाची होती.

धाकली कुठे आहे, हे विचारणार कुणाला? यार्डात विचारलं तर आपल्या हाताने केबिनची किल्ली दिल्यासारखं. आणि केबिन त्याला हवी होती. पगारासाठी नव्हे, गोदामातही पगार मिळतोच. पण वर केबिनमध्ये एकटं असणं ही ड्यूटी होती. घरात ते नुसतंच होतं.

मुकादमाला लहर आली. शेडमागे सगळे रांगेत उभे राहिले. आकाश स्वच्छ, मेलं एक ढगही मदतीला नाही. घारीचा नंबर आला.

“बोल घार. धाकली?”

घारीने वर पाहिलं. एकच ठिपका, तोही शेवाळल्यासारखा. शेवटचं जे कानावर पडलं होतं ते ‘पायाशी’. पण त्यालाही आता किती दिवस झाले. त्याने नजर खाली आणली, तर मुकादमाच्या पाठीमागे मुक्या उभा. मुक्याने हात वर केला आणि खुणेने बाजू दाखवली, क्रेनवाल्याची उजवी, नेहमी दाखवतो तशी.

घार बोलायला गेला आणि थांबला. कारण ‘थोडं उजवीकडे’ हे यार्डात दोन बोटांनी दाखवतात. मुक्याने खांद्यापासून अख्खा हात पसरला होता. आणि घारीला एकदम उमगलं, की बरेच दिवस मुक्या असाच अख्खा हात पसरतोय. बोटं वरून दिसत नाहीत हे त्याने केव्हाच ओळखलं होतं. कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि रोज गुमान येऊन मालाखाली उभा राहत होता.

“अरे बोल ना,” मुकादम म्हणाला. “लोकांना घरी जायचंय.”

“मला एकच दिसतो.”

“चेष्टा पुरे.”

“एकच दिसतो, मुकादम. बरेच दिवस झाले.”

“मग गेल्या वर्षी? त्याच्या आधी?”

“बायको सांगायची.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. मुक्याचा हात तसाच पसरलेला होता. तो खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

पुढचं घडलं तेव्हा मी तिथे नव्हतो. पण जिथे मी नसतो तिथलंच मला जास्त ठाऊक असतं, हे आतापर्यंत तुम्ही ओळखलं असेल.

दुसऱ्या दिवशी घारीने केबिन रिकामी केली. बसायची उशी, फडकी, थंडीतली कानटोपी, स्वेटर, सगळं गाठोड्यात बांधून घरी आणलं आणि धुवायला काढलं. इतके कपडे खुर्चीवर मावेनात. तेव्हा बादली घेऊन तो गच्चीवर गेला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच.

अंधारायला आलं होतं. समोरच्या गच्चीवर एक म्हातारा कठड्याला टेकून उभा होता. पूर्वी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आता दम पुरत नाही म्हणून नुसता उभा राहायचा.

“उजवीकडेच आहे,” बँडवाला पलीकडून म्हणाला.

“काय?”

“धाकली हो. वहिनी रोज विचारायच्या ना.”

“तुम्हाला? ती स्वतः बघायची.”

“वहिनी? त्यांना मी दिसायचो नाही धड. एकदा माझ्या दोरीवरच्या चादरीशी बोलत होत्या, भावजी भावजी करत. तीही बापडी ऐकून घेत होती.”

घार हातातली कानटोपी पिळत राहिला.

“त्या गेल्याचं कळलं,” बँडवाला म्हणाला. “यायला हवं होतं मी. पण जिने उतरा, जिने चढा, आणि वर येऊन बोलणार काय. म्हटलं, तुम्ही गच्चीवर याल तेव्हा सांगू. रोज बघून ठेवत होतो.”

“आता नाही लागणार. केबिन गेली. कालच.”

“असं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं.

“म्हणजे उद्यापासून नको बघू?” बँडवाल्याने विचारलं.

घारीने उशीचा अभ्रा दोरीवर टाकला, त्याच्या कडा नीट जुळवल्या, चिमटे लावले.

“बघा की,” तो म्हणाला. “मी येतोच या वेळेला, कपडे वाळत घालायला.”

“एकट्याचे रोज कसले कपडे?”

“धुवीन.”