लांब बाह्यांचा कोट

मी शिंप्याची टेप बोलतेय. माझं पहिलं इंच कधीच झिजून तुटलं. दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे: माप घ्यायचं आणि त्यातून एक वजा करायचा. मालक नवी टेप काही घेईनात. म्हणायचे, "हात बसलाय हिच्यावर." त्यांच्या लेकीचा तर असा बसला होता की सहा वर्षांत एकदाही चूक नाही.

दिवसभर मी तिच्याच गळ्यात. त्यामुळे औषधाच्या दुकानवाल्याचं स्थळ आलं तेव्हा सगळं कानावर पडलं. मुलगा सज्जन, निर्व्यसनी, नाव ठेवायला जागा नाही. "शोधून सापडायचं नाही असं स्थळ," आत्या म्हणाली. लेक मात्र ताटावरून घास टाकून उठायची.

नवऱ्या मुलाचा लग्नाचा कोट आमच्याकडेच शिवायचा ठरला. तिनं मला त्याच्या छातीभोवती धरलं. केवढी धडधडत होती बिचाऱ्याची छाती! मग मी परत तिच्या गळ्यात आले, तर तिथे सगळं शांत. कुणाही गिऱ्हाइकाचं माप घेतल्यावर असतं तसं. मला कळायचं ते कळलं, पण मी गप्प राहिले. तिनं वहीत आकडे लिहिले. पेन्सिल जरा थांबली. एक काही वजा झाला नाही.

कोट अघळपघळ झाला, बाह्या बोटांवर आल्या. "हिनंच घात केला," म्हणत मालकांनी मला चिंध्यांच्या टोपलीत फेकलं. ती खाली बघत राहिली. आणि तो आरशात पाहून हसला. "असू दे. थंडीत आत स्वेटर मावेल."

तो गेल्यावर ती टोपलीपाशी बसली. "ओरडला असता तर बरं झालं असतं," मला म्हणाली. मला गळ्यात घातलं आणि सवयीनं तशीच रस्त्यावर निघाली.

औषधाच्या दुकानात तो एकटाच होता.

"बाह्या चुकून लांब झाल्या नाहीत. मीच केल्या."

"का?"

"उसवण्यात आठ दिवस जातील, तेवढं लग्न पुढे जाईल म्हणून. तुमच्यात खोट काढायला काही सापडेना, म्हणून मला नाही म्हणता येईना. आज म्हणते."

त्यानं हातातली बाटली खाली ठेवली. तिनं माझी दोन्ही टोकं मुठीत आवळली होती. आज तिचीच छाती धडधडत होती.

मालक, खुशाल नवी टेप आणा. पण पोर घरी आल्यावर तिला बोल लावू नका. ती घास टाकून उठत होती, ते तुम्हीही पाहिलं होतं. आणि गप्प तर मीही राहिले.